नेरच्या सरांचं खारं वावर

समुद्र पाहून ज्याच्या मनात पहिला प्रश्न ‘हे किती एकर असेल’ असा आला, असा माणूस साऱ्या कोकणपट्टीवर एकच झाला असेल, आणि तो आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला होता, हे मी अभिमानानं सांगतो. त्या किनाऱ्यावर माणसं काय थोडी येतात? कोणी समुद्राकडे पाठ करून फोटो काढतं, कोणी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उगाच गंभीर होतं, कोणी नवीन लग्नाचं असलं की वाळूत बदाम काढून मधोमध नावं लिहितं. नेरचे सर मात्र समुद्राकडे बघायचे ते सकाळी उठून बांधावर आलेला शेतकरी आपल्या वावराकडे बघतो तसे. वावर म्हणजे आमच्याकडे शेत, धुरा म्हणजे बांध. उजवा हात कपाळावर आडवा, डावा कमरेवर, आणि चेहऱ्यावर ‘यंदा कसं काय’ हा भाव. मी तिथं नवा असताना त्यांनी डावीकडच्या डोंगराच्या सोंडेपासून उजवीकडच्या काळ्या खडकांपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे सारं एकाच तुकड्यात हाय. मधात एक धुरा नाही, भावाभावाचं भांडन नाही, मोजनी नाही. असं वावर कोनाच्या बापानं पाह्यलं?”

मी फुलसावंगीचा. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. बापानं तो काचेत बसवून बैलांच्या घुंगरमाळेच्या खुंटीशेजारी टांगला, कारण घरातल्या मोलाच्या वस्तू तिथंच असायच्या. पुढे शिक्षकाची नोकरी लागली ती थेट सिंधुदुर्गात, समुद्रकाठच्या एका गावात. नकाशावर ते गाव शोधताना आमच्या घरच्यांचं बोट दोनदा पाण्यात गेलं. दोन दिवसांचा प्रवास करून मी एसटीतून उतरलो तेव्हा अंगाला खारट वाऱ्याचा चिकटा, तोंडाला कोरड आणि समोर पांढऱ्या पायजम्याचा एक पाय दुमडलेला आणि दुसरा तसाच सोडलेला एक उंच माणूस. त्यानं माझ्या ट्रंकेकडे पाहिलं. “कोनता जिल्हा?” यवतमाळ म्हटलं. “तालुका?” महागाव. “गाव?” फुलसावंगी म्हटल्याबरोबर त्यानं ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली. “मी नेरचा. म्हंजे तू माह्या घरचाच झाला. चाल, पीठ मयून ठेवलं हाय.” त्या ज्वारीच्या भाकरीवर मी सात वर्षं त्यांच्या खोलीत राहिलो. पीठ नेरहून यायचं, एका एसटीतून दुसऱ्या एसटीत बदलत, कंडक्टरांच्या ओळखीवर. सरांना तिथं माझ्या आधी बारा वर्षं झाली होती. लग्न झालेलं नव्हतं. मुलगी नेरकडची पाहिजे आणि समुद्राला राजी पाहिजे, या दोन अटींच्या मधात ते अडकलं होतं.

सरांनी समुद्राची सगळी भाषा आपल्या सोयीनं लावून घेतली होती. भरती आली की ओलीत सुरू झालं. ओहोटी लागली की पाणी तोडलं. वाहून आलेल्या शेवाळाचे ढीग दिसले की “निंदाले आलं” म्हणायचे. वर्गातली मालवणी पोरंसुद्धा एक दिवस केंद्रप्रमुखांसमोर “माका काहून विचारतास?” म्हणाली, तेव्हा त्या साहेबांना हे कोणत्या बोलीचं पुस्तक लावलंय ते कळेना. आणि पोळा आला की सरांच्या अंगात नेर संचारायचं. त्या गावात कोणाच्या दारी बैलजोडी नव्हती. म्हणून सर किनाऱ्यावरच्या एका होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, गेरू फासायचे, दोन्ही बाजूंना नारळाच्या झावळीची शिंगं बांधायचे, वर झूल म्हणून स्वतःची चादर घालायचे आणि समोर ठोंबऱ्याचं, म्हणजे शिजवलेल्या ज्वारीचं, ताट ठेवायचे. होडीचे मालक, गावातले म्हातारे तांडेल, पहिल्या वर्षी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले होते म्हणे. “गुरुजीनू, होडयेक शिंगां कित्याक?” सर म्हणाले, “वर्षभर वढते ना तुमच्यासाठी? मंग एक दिवस खांदा शेकाले पाहिजे तिचा.” तांडेलांनी विचार केला, आणि दुसऱ्या वर्षापासून पोळ्याच्या आदल्या दिवशी झावळ्या ते स्वतः तोडून ठेवू लागले.

आता तिथीचं सांगतो, कारण सरांचा सारा संसार तिथीवर होता. त्या किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. नवमी असली की नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. पावणेसातच्या आसपास भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमेनंतर पुन्हा एकापासून मोजायचं. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी फसत नाही. सरांनी हे गणित तांडेलांकडून घेतलं आणि नेरला पोचवलं, कारण तिथी ठाऊक असणारं माणूस नेरला होतं. त्यांची माय. माळकरी बाई, चतुर्थ्या-एकादश्या बोटांवर. सरांनी रोज सकाळी फोन लावायचा, मायनं तिथी सांगायची, सरांनी भरती सांगायची, असा क्रम काही वर्षं चालला. मग मायला पाऊणपटीचा पाढा पाठ झाला. मी तिथं गेलो तोवर जिनं जन्मात नाल्यापेक्षा मोठं पाणी पाहिलं नाही ती म्हातारी नेरहून हुकूम सोडू लागली होती: “आज पंचमी हाय बापू. पावनेचारले पानी चढते. शाया सुटली का सिधा घरी ये, तिकडे नोको जाऊ.”

माझा यावर विश्वास नव्हता. मी बी.ए., भूगोल घेऊन. भरती-ओहोटीची आकृती काढून परीक्षेत आठापैकी सात मार्क घेतलेला माणूस. दुसऱ्याच महिन्यात एका दुपारी पहिल्या पगाराचे बूट वाळूत काढून, त्यांवर पाकीट ठेवून मी खडकांकडे गेलो. सर खोलीतून ओरडले, “आज चतुर्थी हाय, तीनले पानी येते!” मी हात हलवून हसलो. तीनला पाणी आलं. एक बूट मला सापडला, पाकीट सापडलं, दुसरा बूट सापडला नाही. सरांनी रागावावं तर ते सुद्धा नाही. उरलेला बूट त्यांनी खिडकीत ठेवला, त्यात माती भरली आणि मेथी पेरली. “तुह्या सात मार्काचं पीक हाय हे,” म्हणत भाजी वाढायचे. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव ‘बीए’ ठेवलं. “काय बीए, आज तिथी कोनती?” हे ऐकल्याशिवाय माझा दिवस उजाडत नसे.

सरांच्या गळ्यात माळ होती, अंड्याचंही वावडं. तरी साऱ्या गावात रापणीला सर्वांत आधी पोचणारा माणूस हाच. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते, त्याचे दोन दोर वाळूवर येतात, आणि मग बाया, बाप्ये, म्हातारे, रस्त्यानं जाणारा पोस्टमन, ज्याला वेळ असेल तो दोर धरतो. नियम एकच. तांडेल म्हणायचे, “दोराक हात लागलो, वाटो लागलो.” ज्यानं ओढलं त्याला माशांचा वाटा, मग तो कोणीही असो. सर ओढायचे अगदी पाठ वाळूला टेकेपर्यंत, आणि वाटा आला की दोन्ही हातांनी घ्यायचे. नको म्हणणं म्हणजे अपमान, हे त्यांना कळत होतं. मी यायच्या आधी तो वाटा शाळेमागच्या मांजरीला जायचा. मी आल्यावर मांजर रोडावली. चुलीच्या एका बाजूला मी बांगडे तळायचो, दुसऱ्या बाजूला सर नाकाला उपरणं बांधून तुरीचं वरण ढवळायचे आणि विचारायचे, “बीए, खमंग लागते का रे? नाही, तसं नाही, पीक कसं निंगालं म्हून पुसतो.”

त्या किनाऱ्याचं वर्ष त्यांच्या डोळ्यांनी बघायची मला सवय लागली ती लागलीच. थंडीत कासविणी वाळूत अंडी घालून जायच्या आणि कुत्री ती उकरायची. सरांनी तिथं चार बांबूंचा माळा बांधायचा प्रस्ताव ग्रामसभेत मांडला. वर बसून गोफण फिरवायची, जशी आम्ही ज्वारी राखतो. सभेनं चहा पाजून त्यांना खाली बसवलं. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या सदऱ्याचं बुजगावणं उभं केलं. कुत्री त्याच्या सावलीत झोपू लागली, आणि पर्यटक त्याच्या गळ्यात हात घालून फोटो काढू लागले. चैत्र-वैशाखात खोलीच्या पत्र्यावर आंबे पडायचे, लाटांबरोबर डांबराचे काळे गोळे यायचे, सर ते पायाच्या तळव्यावरून रॉकेलनं पुसत “काळ्या जमिनीची आठवन आली” म्हणायचे. ज्येष्ठात होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या की समुद्राची गाज सुरू व्हायची. ती गाज दक्षिणेकडून येते की उत्तरेकडून, यावर तिथली माणसं पावसाचा अंदाज बांधतात. सरांनी एकदा तो अंदाज नेरला कळवला: “गाज अजून इकडची हाय, पेरनी आठ दिवस थांबवा.” शेती बघणाऱ्या धाकट्या भावानं फोनवर सुनावलं ते मला खाटेवर ऐकू आलं: “दादा, समुद्र तुह्या दारी हाय, वावर माह्या दारी हाय!” त्यानं पेरलं आणि चांगलं उगवलंही. सर दोन दिवस समुद्राशी बोलले नाहीत.

पण सरांचा खरा सण कार्तिकाच्या तोंडावर यायचा, त्याची तारीख कुठल्या कॅलेंडरात नव्हती. थंडीची पहिली चाहूल लागली की कुठून कुठून उत्तरेकडून कुरव पक्षी यायचे आणि ओल्या वाळूवर एकजात वाऱ्याकडे तोंड करून बसायचे. पांढरे, गुबगुबीत, हजारांनी. सुरूच्या बनातून बाहेर पडताना ते लांबून दिसले की सर माझा दंड धरायचे आणि ओरडायचे, “फुटला!” लांबून ते खरंच फुटलेल्या कापसाचं वावर दिसायचं. बारा आणि सात, एकोणीस वर्षं हा माणूस दरवर्षी त्याच जागी तेच ओरडला, आणि दरवर्षी आवाजात तेच नवल. मग लगेच नेरला फोन. “माय, इकडे फुटला. तिकडे?” “इकडे पहिली वेचनी झाली,” माय म्हणायची. मग एक छोटा श्वास, आणि ठरलेलं वाक्य. “आता तू कधी येतं?”

हे ‘कधी येतं’ म्हणजे सुट्टीत नव्हे. बदली. आम्ही विदर्भाचे जेवढे मास्तर तिथं होतो, त्या सर्वांचा उन्हाळा बदलीच्या अर्जात जायचा. अर्ज संगणकावर भरायचा, माहिती तपासायची आणि शेवटचं बटण दाबायचं. सर दरवर्षी माझ्याबरोबर संगणकाच्या दुकानात यायचे, सगळे रकाने सुवाच्य भरायचे, आणि शेवटचं पान आलं की घड्याळ बघून उठायचे. “भरतीची येळ झाली बीए, तू पाह्य बाकीचं.” बाकीचं म्हणजे ते बटण. दुसऱ्याच्या अर्जाचं बटण मी कसं दाबणार? पहिली दोन वर्षं मला वाटलं विसरतात. तिसऱ्या वर्षी मी स्पष्टच विचारलं, “सर, तुम्हाला जायचं आहे का नाही?” ते बराच वेळ पायजम्याचा दुमडलेला पाय सोडत आणि पुन्हा दुमडत राहिले. मग म्हणाले, “माय म्हनते तू ये. मी म्हनतो, माय, तू येऊन एक डाव पाह्य तं खरं. तिनं हे पाह्यलं ना, का मंग मी जातो लेका. नाही तं मी इतके वर्स कुठं होतो, हे त्या बुढीले कधीच समजनार नाही.”

आणि माय येत नव्हती. कधी वेचणी, कधी म्हैस व्यायची, कधी शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण. त्यात सातव्या वर्षी अमरावतीच्या डॉक्टरनं सांगितलं की मायच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं जितकी टिकेल तितकी. भावानं हे फोनवर सांगितलं तेव्हा सर भाकर थापत होते. ती त्यांनी तशीच थापत नेली, इतकी की परातीबाहेर गेली. त्या दिवाळीच्या सुट्टीत ते नेरला गेले ते मायला घेऊन येण्यासाठीच, आणि या वेळी माय निघाली.

सरांनी येण्याचा बेत असा आखला होता की एखाद्या राजाची स्वारीही तशी आखत नसतील. कार्तिकातली एकादशी. अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती, समुद्र पार सुरूच्या मुळांपर्यंत, त्या वेळी माय किनाऱ्यावर हवी. त्या हिशोबानं बडनेऱ्याची गाडी, त्या हिशोबानं कोकणची गाडी, त्या हिशोबानं एसटी. कोकणची गाडी सहा तास उशिरा आली. मी थांब्यावर गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि सर मायचा हात धरून एसटीतून उतरले ते बुडालेल्या चेहऱ्यानं. कारण बाहेर ओहोटी होती, ठार. पाणी लांब जाऊन एक बारीक रेघ होऊन पडलं होतं. ज्या यजमानाच्या घरची विहीर नेमकी पाहुणे आल्या दिवशी आटली, तसे सर उभे होते.

“माय, पानी मांगं गेलं वं,” ते म्हणाले.

माय ठेंगणी, नऊवारी, कपाळावर बुक्का, हातात काठी. “परत येते ना?” तिनं विचारलं.

“येते. सव्वाआठले.”

“मंग कायले रडून राह्यला? ज्याचं जान्यायेन्याचं टाइमटेबल तुले पाठ हाय, त्याचं कायचं दुख?”

वाळू लागल्याबरोबर तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि तिथंच थांबली. कोणाच्या वावरात विचारल्याशिवाय शिरायचं नाही, ही तिची रीत. “कोनाचं हाय हे?” “कोनाचंच नाही, माय.” “मंग राखते कोन?” रापणीची तयारी करत बाजूला उभे असलेले तांडेल पुढे आले. “आमीच राखतंव गे आये. तू ये.” मग ती आत आली. आणि पाचपंचवीस पावलं गेल्यावर पुन्हा थांबली. उरल्यासुरल्या नजरेनं समोर बघत राहिली. ओहोटीच्या ओल्या वाळूवर कुरव बसले होते, नुकतेच आलेले, खडकांपर्यंत.

“बापू,” ती म्हणाली, “हा कापूस कोनाचा फुटला? पार बोंडाबाहेर आला. वेचून काहून नाही राह्यलं कोनी?”

एकोणीस वर्षं जी गंमत सर करत आले, ती मायनं खरी समजून विचारली. मीच म्हणालो, “मावशी, ते पाखरं हायत. कुरव.” तेवढ्यात कुठलंसं कुत्रं वाळूतून धावत गेलं आणि सगळा थवा एकदम उठला. मायची मान हळूहळू वर गेली. “उडाला!” ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी टाळी वाजवली. “बाप्पा बाप्पा, कापूस उडाला!” सर पाठ फिरवून चष्मा पुसायला लागले. त्यांना चष्मा नव्हता, तो माझा होता, माझ्या खिशातून काढून घेतलेला.

मग रापण लागली. सरांचा हात सवयीनं दोराकडे गेला, आणि त्या हाताला धरून चालणाऱ्या मायचाही. “हे काय व्हय?” “दोर हाय माय.” “अन् त्या बाजूनं कोन वढते?” “समुद्र.” तिनं काठी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि दोर धरला. सर घाबरले. “माय, तू बस, तुह्याच्यानं होनार नाही.” ती कसली ऐकते. पाय वाळूत रोवून, जन्मभर विहिरीतून पाणी शेंदलेल्या बाईच्या हातानं ती ओढू लागली. तिच्यापुढे एक कोळीण होती, मागे तिचा मुलगा. “जोर हाय बापू याच्यात,” ती धापा टाकत म्हणाली. “नवा गोऱ्हा असते, तसं करते. हिसका देते अन् उभं राह्यते, परत हिसका देते. मले सांगून राह्यलं ते, सोड म्हून.” “मंग सोड ना माय.” “आता तं मुयीच नाही सोडत.”

जाळं जवळ येऊ लागलं तसा सरांचा रंग उतरला. माळकरी बाई, कार्तिकातली एकादशी, आणि दोराच्या टोकाला हजारभर बांगडे. ते माझ्या कानाशी कुजबुजले, “बीए, सांगू का नको?” मी पडलो सरळ माणूस, सांगा म्हटलं. ते खाकरले. “माय, याच्यात जे पीक निंगते ना...”

“मले काय येडी समजतं का रे?” दोर न सोडता ती म्हणाली. “डोये गेले माह्ये, नाक नाही गेलं. आल्यापासून वास येऊन राह्यला.”

“पन आज एकादशी...”

“एकादशी मले हाय. यायच्या घरी तं चूल पेटली पाह्यजे का नाही?”

तांडेलांनी वाटे घातले. पहिला वाटा उचलून ते मायसमोर आले, आणि सर मध्ये पडायच्या आत म्हणाले, “आये, दोराक हात लागलो, वाटो लागलो. नको म्हणू नको गो.” मायनं पदर पसरला. आठ-दहा बांगडे त्यात पडले. तिनं पदर कपाळापर्यंत नेला, मग चाचपत पुढच्या कोळणीचा हात शोधला आणि सगळे मासे तिच्या टोपलीत ओतले. “घे बाई. मले उपास हाय, तुले नाही.” त्या संध्याकाळी सव्वाआठला पाणी आलं की नाही, ते आमच्यापैकी कोणीच बघायला गेलं नाही. माय दमून झोपली होती, आणि सर तिच्या तळहातांना खोबरेल तेल लावत बसले होते.

आठ दिवस ती राहिली. पडवीत बसून तिथ्या सांगायची, आणि दोन दिवसांत तांडेलसुद्धा कॅलेंडर न बघता तिला विचारून जाऊ लागले. निघायच्या सकाळी थांब्यावर एसटीची वाट बघताना ती सरांना जे म्हणाली ते मी तिसऱ्या माणसानं ऐकायचं नव्हतं, पण ट्रंक माझ्याकडे होती, मी जाणार कुठं? “तुहा समुद्र मी पाह्यला बापू,” ती म्हणाली. “डोयानं नाही तं हातानं पाह्यला. आता माह्यं आयक. वावरात कापूस फुटला का पाखरं बसले, हे मले यापुढं कोनी सांगतल्याबिना समजनार नाही. तुहा भाऊ चांगला हाय. पन मी फुटला का म्हून पुसतो, तं तो मले मार्केटचा भाव सांगते. मले रंग सांगनारं मानूस पाह्यजे.”

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अर्ज भरायला गेलो. शेवटचं पान आलं. मी सवयीनं सरांच्या मनगटाकडे पाहिलं. षष्ठी होती, साडेचारची भरती, आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर साडेचार दाखवत होतं. सरांनी मान वर केली नाही. एका बोटानं बटण दाबलं, बोट तिथंच ठेवून बसले, आणि दुकानदाराला म्हणाले, “गेला का हो? नक्की गेला? एक डाव पाह्य बरं.” काही आठवड्यांनी बदली झाली. निघताना त्यांनी गावाचा निरोप घेतला, मांजरीचा घेतला. किनाऱ्यावर मात्र गेले नाहीत. “पीक उभं असताना वावर सोडू नये,” इतकंच म्हणाले. खिडकीतला बूट, मेथीसकट, माझ्या हवाली केला.

मी अजून तिथंच आहे. अर्ज मीही भरतो. यंदा शेवटचं पान आलं तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं, आणि माझा मलाच राग आला, पण पाहिलं. रापणीला तांडेल मला दोन वाटे देतात. एक माझा आणि एक, त्यांच्या शब्दांत, “त्या नेरच्या म्हातारेचो.” मी एकाच माणसाचं पोट घेऊन जन्मलो आहे हे सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, हात लागला तो लागला. तो वाटा मी कोळणीच्या टोपलीत टाकतो.

परवा सकाळी सुरूच्या बनातून बाहेर पडलो आणि समोर वाळू पांढरी झालेली. दंड धरायला कोणी नव्हतं. मी एकटाच ओरडलो, “फुटला!” तांडेल होडीत बसून जाळं तुणत होते, ते म्हणाले, “गुरुजी गेले, पण याड ठेवन गेले.” मी तिथूनच नेरला फोन लावला. “सर, फुटला.” पलीकडे नुसता वारा. “थांब,” सर म्हणाले. आवाज उघड्यावरचा होता. ते कापसाच्या वावरात होते, आणि फोन कानापासून दूर नेला तरी मला ऐकू येत होतं, कारण ते मायशी नेहमीच मोठ्यानं बोलतात.

“माय, उतरले वं. पार नाल्यापासून त्या बाभळीपर्यंत. साऱ्यायचं तोंड वाऱ्याकडे हाय.”

“लई हायेत का?”

“मोजता येत नाही इतके. एकदम पांढरे.”

माझ्यासमोर कुरव पंख मिटून बसले होते.

“मंग बसू दे त्यायले घडीभर,” म्हातारी म्हणाली. “वेचनाऱ्या बायायले उद्या सांगू.”